फुलांचे अर्थ आणि कागदाचा पांढरा रंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात नाशिकमधील एका शालेय चित्रप्रदर्शनात मुलांनी जलरंगात रंगवलेली फुले पाहिली. हात सफाईदार होते. परंतु प्रत्येक चित्राखाली लाल गुलाब म्हणजे प्रेम, लिली म्हणजे पावित्र्य, असे छापील अर्थ चिकटवलेले पाहून वाईट वाटले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समध्ये लोकप्रिय झालेले हे संकेत आपल्या मुलांनी पाठ का करावेत?

एका मुलीने पारिजातक काढला होता, तोही भर उन्हात फांदीवर टवटवीत. हे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये या आपल्याकडील संकेताला पारिजातक अपवाद आहे, आणि त्याचा अर्थ नेमका त्या गळण्यात आहे. म्हणून तो ओल्या अंगणात सांडलेलाच रंगवावा. जलरंग तर त्यासाठी जणू घडलेलेच माध्यम आहे: पारदर्शक पद्धतीत पाकळीला पांढरा रंग द्यायचा नसतो, भोवतीचा ओला मातकट रंग पसरवताना कागद तेवढा कोरा राखायचा असतो, आणि एकदा रंग आत शिरला की तो कोरेपणा पूर्णपणे परत मिळत नाही. मग देठासाठी केशरी रंगाचा एकच ठिपका पुरतो.

झेंडूचेही तसेच. तो मूळचा मेक्सिकोचा. तिथे तो मृतांच्या स्मरणदिनी वाहतात, आपल्याकडे मात्र दसऱ्याच्या तोरणात मिरवतो. त्याच्या पिवळ्या रंगात सावलीसाठी काळा मिसळला की हिरवट, मळकट छटा येते आणि तोरणाचा सण हरवतो. तिथे तपकिरी-नारिंगी सावली हवी. (ही चूक मी स्वतः वर्षानुवर्षे मुलांच्या वहीत पाहिली आहे.)

मोगल काळात गुलशनाबाद म्हणवल्या गेलेल्या या शहरातील कलाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी मुलांना एखाद्या पहाटे फुलबाजारात आणि गोदाघाटावर न्यावे, हार ओवणाऱ्या मावशींना कोणते फूल कोणत्या देवाला आणि का, हे विचारू द्यावे, आणि मगच ब्रश हाती द्यावा. आपल्या बालपुरवणीत एखाद्या स्थानिक चित्रकाराने आपल्याकडील एकेक फूल टप्प्याटप्प्याने रंगवून दाखवणारे सदर सुरू केल्यास आम्हा शिक्षकांनाही त्याचा उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
पंचवटी, नाशिक