देवगडला पत्र: मी इथे उपाशी नाही

ती. आई-बाबांस सा. न.
दादा-वहिनीला नमस्कार, सोनूला भरपूर पापे.

तब्येत, ऑफिस, बर्फ हे सगळं फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. पण परवा बाबा फोनवर गप्प गप्प होते आणि आई दर दोन वाक्यांनी "जेवलंस मा?" विचारत होती, तेव्हाच ठरवलं की जेवणाचं एकदा सविस्तर लिहायचं, दादा मोठ्याने वाचून दाखवेल.

आई, सगळ्यात आधी, हा सिलिअ‍ॅक नावाचा आजार तुझ्या जेवणामुळे झालेला नाही. गहू, जव आणि इकडे राय म्हणून एक धान्य असतं, त्यात ग्लुटेन असतं, ते पोटात गेलं की माझ्याच शरीराची प्रतिकारशक्ती माझ्या लहान आतड्याचं अस्तर खराब करते, मग खाल्लेलं अंगाला लागत नाही. गोळ्या घेऊन घेऊन हिमोग्लोबिन वर येत नव्हतं ते ह्यामुळे. औषध नाही, पथ्य आहे आणि ते जन्मभराचं आहे, पण पाळलं की आतडं हळूहळू भरून येतं, येतंय. आणि आपल्याकडे बघ ना, भात, तांदळाची भाकरी, घावणे, नाचणी, कुळथाची पिठी, सोलकढी, ह्यात गहू कुठे आहे? रोज पोळीच लागते अशा घरातल्या मुलीला हे किती जड गेलं असतं.

आता तुला जी काळजी वाटतेय ती, "मशीन चालू ठेवून घराबाहेर जातेस" ही. ते मशीन म्हणजे स्लो कुकर. इथल्या माणसांची ही सवय मला आधी अजिबात झेपली नव्हती म्हणून नीट सांगते. चिनीमातीचं एक जड लंबगोल भांडं असतं, ते विजेवर गरम होणाऱ्या दुसऱ्या भांड्यात बसतं, वर काचेचं झाकण. सकाळी कामावर जाताना त्यात मांस, बटाटे, गाजरं घालायची, बटण लोवर करायचं आणि घराला कुलूप लावून सरळ निघून जायचं. आठ तास घरात कोणी नाही. शिट्टी नाही, ढवळणं नाही, मध्येच पाणी घालणं नाही. संध्याकाळी दार उघडलं की जिन्यापर्यंत वास. झाकण उचलून बघायचं सुद्धा नाही, उचललं की आतली वाफ जाते आणि वीसेक मिनिटं तरी शिजायचं लांबतं. ऑफिसमधल्या ज्या बाईंनी मला हे शिकवलं त्यांच्या घरी मी डाव घेऊन झाकणाकडे गेले तर त्यांनी माझा हातच धरला. तू तर मटण दर पाच मिनिटांनी बघतेस, तुला हे पटणार नाही माहितीये. पण त्यात ज्योत नसते, गॅस नसतो, मी ते ओट्यावर भिंतीपासून लांब ठेवते, आजूबाजूला फडका-कागद काही नसतं, वायर बघून मगच लावते. घर पेटणार नाही.

त्या ह्याला पॉट रोस्ट म्हणतात. इकडे ते बीफचं करतात. मी लॅम्बच्या खांद्याचं करते, हे काकूंना पण सांग, आणि सोमवार मी इथेही पाळते. खांद्याचं मांस चिवट असतं पण मंद आचेवर तासन् तास राहिलं की त्यातले चिवट धागे विरघळतात, पाया शिजवल्यावर रस्सा जसा बोटांना चिकटतो तसा इथला रस चिकटतो, आणि मांस काट्याने नुसतं ढकललं तरी सुटतं. मी दीड किलोचा तुकडा घेते, फ्रीजरमधला कधीच थेट घालत नाही, आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवते. सकाळी मीठ-मिरी लावून तव्यावर सगळ्या बाजूंनी लाल करते, चव तिथेच येते. बटाटे-गाजरं तळाला, कारण ह्या भांड्यात ती मांसापेक्षा उशिरा शिजतात, वर मांस, कांदा, ठेचलेला लसूण, तू पाठवलेला मालवणी मसाला एक चमचा. त्या बाई रेड वाइन घालतात, मी आपलं कोकमाचं आगळ घालते. आई, आगळाने त्या मांसाला जी चव येते ना, त्या बाईंनी ताट पुसून खाल्लं आणि बाटली कुठे मिळते विचारलं.

गहू लपलेला असतो तो रश्शात. मांस परतायच्या आधी मैद्यात घोळवतात, शेवटी मैदा लावून रस दाट करतात, शिवाय सूपची पाकिटं, स्टॉकच्या वड्या, सोया सॉस, ह्या सगळ्यात गहू असू शकतो. मी शेवटी दोन चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घालते, हायवर पंधरा मिनिटांत रस धरतो. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं असलं तरच घेते, तसं लिहायला ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, इथल्या अमेरिकन सरकारचा २०१३ पासून नियम आहे. आणि तू पाठवलेली हिंगाची डबी मी बाजूला ठेवलीय ग, वाईट वाटून घेऊ नकोस, खड्याच्या हिंगाची गोष्ट वेगळी पण डबीतल्या बांधणी हिंगात बहुतेक गव्हाचंच पीठ असतं, त्या डबीवर तसं लिहिलंय.

आता खरं महत्त्वाचं. हे घराण्यातून येतं. आई-वडील, भावंडं ह्यांच्यात साधारण दहात एकाला असू शकतं, काहीच त्रास नसला तरी. दादाचं हिमोग्लोबिन पण कमीच असतं ना? तर तिघांनी रक्ताची टेस्ट करून घ्या, टीटीजी आयजीए म्हणायचं, सोबत टोटल आयजीए. कणकवलीत नाही झाली तर गोव्याला जाताना करा. पण दादा, टेस्ट होईपर्यंत चपाती बंद करायची नाही. माझं ऐकून आधीच गहू सोडलात तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि आजार तसाच आत राहील. बाबा "मला काय झालंय" म्हणतील, त्यांना म्हणावं गुडघ्याच्या ऑपरेशनला मी आले नाही, आता एवढं तरी माझं ऐका.

पैसे टाकलेत. त्यातून आधी सोसायटीचा हप्ता, मग पडवीची कौलं पावसाच्या आत, आणि टेस्टचे पैसे वेगळे काढून ठेवा, फवारणीत घालवू नका. गणपतीला यंदाही येणं होत नाहीये, रजा आणि तिकीट दोन्ही जमत नाहीये, मोदक मी इथे करीन, उकड आता छान जमते. काकूंनी आणलेल्या स्थळाबद्दल, आई तू म्हणालीस की आत्ताच आजाराचं बोलू नको, ते मला नाही पटत. उद्या त्यांच्याकडे पुरणपोळी, सत्यनारायणाचा शिरा पुढे येणार, नव्या सुनेने प्रसाद नाकारला म्हणून तुम्हालाच बोल लागेल. आधी स्पष्ट सांगा, त्यांना चाललं तर मुलाशी बोलायला मी तयार आहे, खरंच तयार आहे, टाळत नाहीये.

तुमची,
बाय

ता.क. तांदळाचं पीठ पाठवू नका, गिरणीत त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असतो. नुसते उकडे तांदूळ आणि आगळ पाठवा.