भैय्या, त्या रात्री तुम्ही फॉर्मॅट मारू दिला नाहीत

प्रिय भैय्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू द्या ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आमच्या वसमतच्या हळद कंपनीसारखी छोटी ऑफिसं मराठवाड्यात गावोगावी आहेत. एकच कॉम्प्युटर, एकच मेल-आयडी आणि त्यात दहा-बारा वर्षांचा सगळा व्यवहार. तुम्ही त्या रविवारी काय केलंत, ते त्यांनाही कळायला हवं.

एप्रिलचा रविवार होता, हळदीचा ऐन सीझन. सोमवारी सकाळी सहाला 180 कट्ट्यांची गाडी दक्षिणेतल्या एका मसाला कारखान्याकडं निघायची होती. प्रयोगशाळेचा रिपोर्ट, म्हणजे करक्युमीन (हळदीतलं पिवळं द्रव्य) किती, ओलावा किती, लेड क्रोमेट (भेसळीचा विषारी पिवळा रंग) आहे का नाही, हे लॉट नंबरासकट ड्रायव्हरच्या हाती द्यायचं होतं. रिपोर्ट शनिवारी मेलवर पाठवल्याचा फोन प्रयोगशाळेतून आला होता. आणि शनिवारी संध्याकाळपासून आमचं मेल बघायचं आउटलुक उघडायला तयार नव्हतं. चिन्हावर क्लिक केलं की इनबॉक्स दिसायचा, चार-पाच सेकंद सगळं जागेवर असायचं, मग पडदा पांढुरका पडून आउटलुक बंद. पंधरा-वीस वेळा करून पाहिलं. रविवारी प्रयोगशाळा बंद, फोन कुणी उचलेना.

गावातल्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "फॉर्मॅट मारावं लागतंय, रात्रीतून करून देतो." आमचं मेलचं खातं असं लावलेलं होतं की मेल कॉम्प्युटरवर उतरला की सर्व्हरवरची प्रत पुसली जायची, कारण तिथं जागा कमी होती. म्हणजे अकरा वर्षांचे मेल फक्त त्या एका डबड्यात, आणि फॉर्मॅट म्हणजे त्यातलं सगळं पुसणं. कंपनी रजिस्टर झाली तेव्हापासूनचे, पहिल्या खरेदीदाराच्या पहिल्या पत्रापासूनचे. मी कॉम्प्युटर उचलून परत ऑफिसात आणला आणि तुमच्या भावाला फोन केला. ते आमचे सभासद. त्यांनी तुमचा नंबर दिला आणि म्हणाले, "तो आत्ताच परभणीतून पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलाय, बघा लागतो का."

साडेसात वाजले होते. तुम्ही मला ओळखत नव्हता. मी रडवेली झाले होते, सगळं एका दमात सांगत सुटले. तुम्ही मध्येच थांबवलंत ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "ताई, फॉर्मॅट मारू नका, पाया पडतो. मेल कुठं जायलेत? हायेत तिथंच. आधी त्यांची एक कॉपी करू, मग हात लावू."

त्या दिवशी माझ्या ऐकण्यात आलेलं ते पहिलं वाक्य होतं ज्यात मेलची काळजी होती. बाकी सगळे कॉम्प्युटरबद्दल बोलत होते.

आउटलुकचे सगळे मेल ज्यात असतात ती पीएसटी नावाची फाइल डी ड्राइव्हवर शोधायला लावलीत. 14 जीबीची निघाली. तुम्ही लगेच म्हणालात, आउटलुक 2003 किंवा 2007 असतं तर 20 जीबीची हद्द जवळ आली असती, पण तुमचं 2013 आहे, 2010 पासून ती 50 जीबी झालीय, म्हणजे आकाराचा दोष नाही. एक शंका गेली. मग कॉपी करायला गेले तर कॉम्प्युटर म्हणाला फाइल वापरात आहे. आउटलुक तर बंद दिसत होतं. तुम्ही टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी, उघडायला सांगितलंत, तर ते मागं लपून चालूच होतं. तिथून बंद केलं. मग पेनड्राइव्ह अडला. 32 जीबीचा, पूर्ण रिकामा, तरी म्हणे फाइल फार मोठी. पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीनं बांधलेला असला की त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आत कितीही जागा असली तरी, हे मला तेव्हा कळलं. "तेवढा पेनड्राइव्ह करा फॉर्मॅट," तुम्ही म्हणालात, "एनटीएफएस निवडून." त्या रात्री आमच्या ऑफिसात तेवढंच फॉर्मॅट झालं.

कॉपी व्हायला अर्धा तास लागला. मध्येच लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, मी पंखा आणि ट्यूबलाइट बंद केली की तेवढीच बॅटरी वाचेल. घामानं माउस हातातून सटकत होता. अंधारात ती हिरवी पट्टी पुढं सरकताना पाहत बसले होते. तिकडं तुमची गाडी पाथरीच्या पुढं गेली होती, आजूबाजूची माणसं झोपायच्या तयारीत होती म्हणून तुम्ही दबक्या आवाजात बोलायला लागलात. माजलगावच्या अलीकडं रेंज गेली. मला वाटलं, झालं, आता हा माणूस झोपणार. वीस मिनिटांनी तुमचाच फोन. "झाली का कॉपी? पट्टी पूर्ण भरली का?"

मग तुम्ही विचारलंत, बंद पडल्यावर परत उघडताना आउटलुक काही विचारतंय का? विचारत होतं. मागच्या वेळी नीट सुरू झालं नाही, सेफ मोडमध्ये उघडू का, असं इंग्रजीत यायचं आणि मी दर वेळी 'नो' दाबत होते, काही पुसलं जाईल या भीतीनं. तुम्ही त्यावर एक शब्दही लागेल असं बोलला नाहीत. म्हणालात, "बरोबर हाय, माहीत नसताना 'यस' दाबायचंच नाही. आता मी सांगतो त्याचा अर्थ." सेफ मोड म्हणजे आउटलुक एकटं, त्याला मागाहून जोडलेली कुठलीही भर (ॲड-इन किंवा प्लगइन) न घेता. त्यात काहीच पुसलं जात नाही. कंट्रोलचं बटण दाबून धरून चिन्हावर डबल क्लिक केलं तरी तोच प्रश्न येतो, हेही सांगितलंत.

'यस' दाबलं. उघडलं. पाच सेकंद गेले, दहा गेले, मिनिट गेलं. बंद पडलं नाही.

मी मध्येच विचारलं होतं, दुकानात म्हणत होते ते इनबॉक्स रिपेअर टूल चालवू का? तुम्ही म्हणालात, फाइल बिघडली असती तर सेफ मोडमध्येही रडली असती, धडधाकट माणसाला उगं इंजेक्शन कशाला. मग फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, आणि खाली कॉम ॲड-इन्ससमोरचं 'गो'. यादीत चार नावं होती. चारीच्या खुणा काढायला लावल्यात, आउटलुक साध्या पद्धतीनं उघडलं, चाललं. मग एकेक खूण परत लावायची, बंद करायचं, उघडायचं. तिसऱ्या नावाला आउटलुक कोसळलं. ते आमचं स्पॅम फिल्टर होतं, नको असलेले मेल गाळणारं.

मला ते मनातून पटेना. 2024 साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर बाहेरच्या चौकशा वाढल्या, तसा कचराही वाढला. लॉटरी, कर्ज आणि खोट्या पर्चेस ऑर्डरच्या झिप फाइली. त्यातून खरा मेल शोधता शोधता डोळे दुखायचे, म्हणून ते प्लगइन बसवलं होतं. इतके दिवस इमानानं काम केलेलं. तुम्ही समजावलंत की हे प्लगइन आउटलुकच्या बाहेर वेगळं चालत नाही, त्याच्या पोटात चालतं. त्याला ठेच लागली की आउटलुकच आडवं होतं. बघणाऱ्याला वाटतं आउटलुक खराब झालं.

खूण काढून ठेवली, आउटलुक उघडलं, आणि तुम्ही म्हणालात, "आता जंक फोल्डर बघा." प्रयोगशाळेचा रिपोर्ट तिथं पडलेला होता. शनिवारी दुपारी 3.40 ला आलेला. फिल्टरनं तो कचऱ्यात टाकला होता. मी लॉट नंबर मोठ्यानं वाचून दाखवला तुम्हाला, का कोण जाणे. तुम्ही बीडमध्ये पोचला होता, चहाला गाडी थांबली होती. पावणेअकरा झाले होते. सकाळी सहाला गाडी कागदांसकट निघाली.

काम तिथंच संपलं होतं. पण सोमवारी रात्री तुम्हीच फोन केलात की आपल्याला कारण सापडलेलं नाही, फक्त संशयित सापडलाय. त्या दुसऱ्या फोनसाठी मला जास्त आभार मानायचेत.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरची स्वतःची नोंदवही, उघडायला लावलंत. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. लाल खुणेच्या ओळी, प्रत्येकीचा नंबर 1000. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल' असं लिहून पुढं प्लगइनच्याच फाइलचं नाव. शनिवारपासून जितक्या वेळा आउटलुक पडलं तितक्या ओळी, वेळेसकट. मी त्या वहीत उतरवून घेतल्या. तुमचा पहिला अंदाज होता की आधी कधीतरी लाइट गेली तेव्हा फिल्टरची स्पॅम ओळखायची स्वतःची शब्दांची वही अर्धवट लिहिली गेली असेल. म्हणून त्याच्या डेटा फोल्डरचं नाव बदललं, पुसलं नाही, नुसतं बदललं. प्लगइन चालू केलं. परत कोसळलं. "माझा अंदाज चुकला," असं सरळ म्हणालात आणि पुढं गेलात.

मग सेफ मोडमध्ये इनबॉक्समधले न वाचलेले नऊ मेल एका नव्या फोल्डरमध्ये हलवले. प्लगइन चालू केलं, आउटलुक उघडलं आणि टिकलं. म्हणजे दोष त्या नवांपैकी एकात. एकेक मेल परत आणायचा, बंद करायचं, उघडायचं. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसरा ठीक. चौथा आणला आणि पडलं. त्या मेलला विषय नव्हता आणि पाठवणाऱ्याचा पत्ताच नव्हता, ती जागा कोरी. आउटलुक सुरू झालं की प्लगइन न वाचलेले मेल तपासायला घ्यायचं, त्या कोऱ्या जागेशी येऊन अडखळायचं आणि पडायचं. मेल तिथंच, न वाचलेला, म्हणून दर वेळी तेच. कुणीतरी कुठूनतरी पाठवलेल्या एका बिननावाच्या मेलनं आमची गाडी अडवली होती. तो मेल न उघडता पुसला.

मग रिपोर्ट कचऱ्यात का गेला, तेही विचारलं. तुम्ही ज्या भाषेत सांगितलंत ती मी विसरणार नाही. आमच्या गोदामात हळद निवडणाऱ्या बायका हळकुंड कुठलं, गट्टू कुठला, किडका कुठला हे हात लावताच सांगतात, कारण आधी त्यांना कुणीतरी ढिगानं दाखवलेलं असतं. फिल्टरही तसाच शिकतो. आपण ज्याला स्पॅम म्हणतो त्यातले शब्द मोजतो, चांगल्यातले मोजतो, आणि नव्या मेलमध्ये कुठले जास्त आहेत ते बघून शक्यता काढतो. हे गणित ज्यांच्या नावानं चालतं ते थॉमस बेज अठराव्या शतकातले इंग्लंडातले धर्मोपदेशक, त्यांचा निबंध 1763 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. आमच्या ऑफिसात अटॅचमेंट असलेले बरेच मेल घाईत स्पॅम म्हणून टाकले जात होते, त्यात खरे कोटेशनही गेले. फिल्टर तेच शिकला.

प्लगइन आम्ही काढलं, ते जुनं झालं होतं. आता सर्व्हरवरच गाळणी लावलीय, आउटलुकचं स्वतःचं जंक सेटिंग 'लो'वर आहे, खरेदीदार आणि प्रयोगशाळा सुरक्षित यादीत घातल्यात. जागा वाढवून घेतली आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूणही केलीय. तुमच्या सांगण्यावरून मी प्लगइनवाल्यांना सविस्तर मेल लिहिला. कुठली आवृत्ती, कुठला विंडोज, काय केल्यावर काय झालं, इव्हेंट व्ह्यूअरमधली ओळ काय. 'चालत नाही' एवढंच लिहायचं नाही, हे तुम्हीच बजावलं होतंत. आणखी कुणाच्या ऑफिसात असा बिननावाचा मेल येऊ शकतो, त्यांचं आउटलुक तरी वाचेल.

दर शनिवारी पीएसटीची कॉपी त्याच पेनड्राइव्हवर घेते. आधी टास्क मॅनेजर बघते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, रिचार्जसुद्धा करू दिला नाहीत. आमच्या शेतातली यंदाची पाच किलो हळद, घरी कुटून चाळलेली, तुमच्या भावाकडं ठेवलीय. पोळ्याला गावी याल तेव्हा घेऊन जा. वहिनींना सांगा, रंग चढतो, नेहमीपेक्षा निम्मीच टाका.

तुमची,
वसमतची ताई