बेडीतलं केळं

महोदय,

परवा खानदेशातल्या एका बसस्थानकावर बेडी घातलेला पोऱ्या पाहिला. पोलीस त्याला कोर्टाच्या तारखेला नेत होते. एका हाताने केळं सोलेना, शेवटी दातांनी सोललं. लोक बघत उभे, मीही त्यातलाच.

सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात राज्यघटनेच्या कलम 21 चा (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आधार घेत सरसकट बेडी अमानुष ठरवली. पळून जाण्याची ठोस भीती हवी, कारणही लेखी हवं. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे अटक-तपासाच्या नव्या कायद्याने, सराईत गुन्हेगार आणि काही गंभीर गुन्ह्यांसाठी बेडीची मुभा दिली आहे, सगळ्यांसाठी नाही.

या पोऱ्याचं कारण कुठल्या कागदावर आहे, असं सोबतच्या शिपाईदादांना विचारलं. ते म्हणाले, “काका, गाडी लागली.”

– एक वाचक, अमळनेर