बुटीकवाल्या आईचं पत्र

परदेशीपुरा, इंदूर
रविवार दुपार

चि. सईस अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलायला जमलं नसतं म्हणून लिहायला बसले. परवा तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा तुझ्या मैत्रिणीने फोन उचलला. म्हणाली, "काकू, तुमचं इंदूरला बुटीक आहे ना? सई सांगत होती." मी म्हटलं, हो. मशीनवर तेव्हा शेजारच्या वहिनींची साडी होती, पिको अर्धवट झालेला. फोन ठेवल्यावर तुझे बाबा इतके हसले की मलाही हसू आलं. रात्री मात्र झोप लागेना.

रागावलेली नाही गं. हे खोटं तुझ्याआधी मी बोलून झालेय. आजोबांची मिल बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. वर्गात फी माफीवाल्यांना उभं करून नावं वाचायचे. माझं नाव आलं तेव्हा मी बाईंना बसूनच सांगितलं, आमचे बाबा मुंबईला नोकरीला गेलेत, फी येईल. बाबा घरातच होते. भोंगा वाजेनासा झाला होता, तरी सकाळी चपला घालून दारात उभे राहायचे आणि थोड्या वेळाने आत यायचे. ते मी कुणाला सांगितलं नाही, तुझ्या बाबांनासुद्धा लग्नानंतर कितीतरी वर्षांनी.

तू जाताना ठेवून गेलेलं, त्या अमेरिकन नटीचं, व्हायोला डेव्हिसचं आत्मचरित्र मी शब्दकोश घेऊन वाचलं. अडीच महिने लागले. ऱ्होड आयलंडमधलं सेंट्रल फॉल्स गाव, सहा भावंडं, बाप घोड्यांची निगा राखणारा आणि दारू पिऊन आईला मारणारा. मोडकळीला आलेल्या इमारतीत उंदीर इतके, की बाहुल्यांची तोंडं कुरतडलेली, आणि रात्री चावू नयेत म्हणून मुली मानेला चादर गुंडाळून झोपायच्या. हे सगळं वाचताना वाईट वाटलं, पण अडखळले ते ओल्या कपड्यांपाशी. रात्री थंड पाण्यात धुतलेले कपडे सकाळपर्यंत वाळायचे नाहीत. ते तसेच ओले अंगावर चढवून शाळेत जायचं, आणि तिथे वासावरून बोलणी खायची. पुस्तक मिटून चहा ठेवायला उठले. माझा एकच युनिफॉर्म होता, जुलैत तो कधी वाळायचा नाही, हे तुला ठाऊक नाही.

महिला मंडळाच्या ग्रुपवर तिच्याबद्दल एक मेसेज फिरतोय: जिद्द असेल तर उंदरांच्या घरातूनही ऑस्कर मिळतं. मला चीड आली. मग इतकी जिद्दीची माणसं या परदेशीपुऱ्यात होती, त्यांचं काय झालं? तिच्या मोठ्या बहिणीने लहानपणीच तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, मोठेपणी असंच राहायचंय का, नाही तर काय व्हायचं ते आत्ताच ठरव. गरीब घरातल्या मुलांना कॉलेजपर्यंत नेणारी सरकारी योजना तिच्या वाट्याला आली. आणि बंद पडलेल्या टीव्हीवर ठेवलेला दुसरा, चालू टीव्ही होता. त्यावर तिने सिसिली टायसन या नटीला पाहिलं, आपल्यासारख्या दिसणाऱ्या बाईला. पुढे एका मालिकेत याच टायसनबाई तिची आई झाल्या! खंडवा रोडवरच्या सभागृहात सानंद संस्थेच्या नाटकाला पहिल्यांदा गेलो तेव्हा तू माझ्या मांडीवर उभी राहून बघत होतीस, मध्यंतरात बटाटेवडासुद्धा नको म्हणालीस. ते मला तिथे आठवलं.

न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड या नामवंत कलासंस्थेतून ती 1993 मध्ये शिकून बाहेर पडली. 2001 मध्ये रंगभूमीवरच्या कामासाठी टोनी पुरस्कार मिळाला, तरी सिनेमावाल्यांना ती नीट दिसायला 2008 उजाडलं. 'डाउट' मी तुझ्या लॅपटॉपवर पाहिला होता, आठवतंय? मेरिल स्ट्रीपसमोर एकच मोठा प्रसंग, जेमतेम आठ-दहा मिनिटांचा. कामावर जायला उशीर होतोय, मुलाबद्दल नको ते ऐकावं लागतंय, नाक वाहतंय आणि ती पुसत नाही. तेवढ्यावर ऑस्करचं नामांकन. तेव्हा ती 43 वर्षांची होती. प्रत्यक्ष ऑस्कर 'फेन्सेस'साठी 2017 मध्ये, म्हणजे 51व्या वर्षी. तू 24 ची आहेस आणि तीन ऑडिशनमध्ये नाही म्हणाले म्हणून परवा रडत होतीस. रड, त्याला माझी ना नाही.

पण ते न पुसलेलं नाक तिने कुठून आणलं, असं मी पिको करता करता विचार करत असते. मला नाटकातलं काय कळतं, तरी वाटतं, अशा कामावर निघालेल्या बाया तिने घरात, जिन्यात पाहिल्या असणार. तुझ्याकडेही आहेत की. दारात चपला घालून उभे राहणारे आजोबा आहेत. दिवाळीच्या आधी रात्री दोनला मशीनवर डुलकी घेणारी, सुई बोटात गेल्यावर आधी साडीला रक्त लागलं का ते बघणारी मी आहे. हे सोडून तू तिथे बुटीकवालीच्या मुलीचं काम करत बसलीस, आणि तेही फुकट.

असो. बाबांची शुगर आता बरी आहे, भात कमी केलाय, सेव काही सुटत नाही. तुझ्यासाठी लवंगाची सेव आणि मेतकूट पाठवलंय, मैत्रिणीला दे, एकटी संपवू नकोस.

आणि तिला एक विचार. तिच्या भावाचं लग्न आहे म्हणत होती. साड्यांना फॉल-पिको करायचा असेल तर तू येशील तेव्हा घेऊन ये. दोन दिवसांत करून देते. फॉल मी आधी भिजवून वाळवून घेते, नाही तर पहिल्याच धुण्यात आटतो आणि काठ गोळा होतो. ब्लाउजपीस वेगळा काढायचा असेल तर तेही आत्ताच सांगायला सांग.

तुझी,
आई