मासा टाकीतला की समुद्रातला?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती, पण त्यातले मासे आणि प्रवाळ आले कुठून, यावर एक ओळही नव्हती. सहा वर्षे अशी टाकी सांभाळली, म्हणून लिहितो.

गप्पी, गोल्डफिश, एंजल हे गोड्या पाण्यातले मासे बहुतेक पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतेक मासे मात्र थेट समुद्रातून धरून आणलेले. फिलिपिन्स, इंडोनेशियात काही ठिकाणी त्यासाठी सोडियम सायनाइड या विषाचे पाणी खडकाच्या कपारीत फवारतात. मासा गुंगून हाती लागतो, भोवतालचे प्रवाळ मरतात. बंदी आहे, तरी प्रकार पुरता थांबलेला नाही. असा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि पुढे काही दिवसांत जातो. माझा पहिला निळा टँग मासा अठराव्या दिवशी गेला. सायनाइडनेच गेला असे म्हणणार नाही, माझे अडाणीपणही असेल. पण तो आला कुठून, हे मी विचारलेच नव्हते.

बांगाई कार्डिनल या चंदेरी-काळ्या माशाचे उदाहरण तर चीड आणणारे आहे. मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळचा. नर अंडी तोंडात धरून पिल्ले वाढवतो, त्यामुळे टाकीतही त्याची पैदास जमते. तरीही शौकिनांसाठी समुद्रातून इतका उपसला की २००७ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली.

लेखातल्या छायाचित्रांत कठीण प्रवाळही दिसले. आपल्याकडे २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. शिक्षा तीन ते सात वर्षे. दुकानात 'पीस पाहिजे का?' असे मलाही हळूच विचारले गेले आहे. वाचकांना निदान एवढे तरी सांगायला हवे होते.

प्रवाळांचा मोठा शत्रू तापलेला समुद्र आहे, हे मान्य. पण टाकीतले पाणी २५-२६ अंशांवर ठेवायला ठाण्याच्या मे महिन्यात चिलर, म्हणजे पाणी गार करणारे यंत्र, अखंड चालवावा लागतो, ती वीज कुठून येते? माझी टाकी ३०० लिटरची. आठवड्याला ३० लिटर पाणी बदलायचे, ते आरओचे. आरओत एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर वाया जाते, म्हणजे जवळजवळ ९० लिटर मोरीत. त्याच महिन्यात सोसायटीत टँकर येत असे. मी कुणाला सांगितले नाही.

आणि कंटाळा आला म्हणून मासे खाडीत सोडू नका. आपल्याकडच्या समुद्रांतला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ दिसला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला. आज कॅरिबियन समुद्रात तो स्थानिक माशांची पिल्ले फस्त करतो आहे.

शौक सोडा, असे मी म्हणत नाही. ऐरोलीत आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर क्लाउनफिश या केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या खाऱ्या पाण्यातल्या माशाची पैदास होते. असे मासे मागता येतात. दुकानदार आधी हसतो. चार गिऱ्हाइकांनी विचारले की चौकशी करतो, हा माझा अनुभव. माझ्याकडे आता दोनच क्लाउनफिश आहेत, दोन्ही टाकीत जन्मलेले. प्रवाळ नसल्याने चिलर फक्त मे महिन्यात लावतो. तेवढ्या एका महिन्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

– एक वाचक, ठाणे