मुलांच्या जखमेवर पहिल्याच दिवशी ‘साधी’ असा शिक्का नको

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मुलाला झालेल्या मारहाणीचा तपास होणार की नाही, हे बहुधा डॉक्टरांच्या दाखल्यातल्या एका शब्दावर ठरते: साधी की गंभीर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) ची साधी दुखापत अदखलपात्र. तिची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. कलम ११७(२) ची गंभीर दुखापत मात्र दखलपात्र, शिक्षा ७ वर्षांपर्यंत.

हाड मोडले की दुखापत गंभीर ठरते. पण मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा (हाड लांब करणारा मऊ थर) असते आणि ती एक्स-रेत दिसत नाही. तिला इजा होऊनही हाड सरकलेले नसेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. बरगडीची बारीक भेगही अशीच निसटते. दीड-दोन आठवड्यांनी हाड जुळू लागते तेव्हा खूण उमटते. तोवर अंतिम दाखला देऊन झालेला असतो! दोन वर्षांखालच्या बाळाला तर कुठे दुखते तेही सांगता येत नाही. मारहाणीचा संशय असेल तर त्याच्या सगळ्या सांगाड्याचे एक्स-रे काढून ते सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा काढावे लागतात.

कलम ११६ नुसार १५ दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचे व्यवहार न जमणे हीही गंभीर दुखापतच (जुन्या दंड संहितेत ही मुदत २० दिवस होती). मुलाचे व्यवहार म्हणजे शाळा, खेळ, आपल्या हाताने जेवणे. शाळेचे हजेरीपत्रक इथे पुरावा ठरते, फक्त ते मागवायला हवे. आणि पहिल्या दिवशी पंधरावा दिवस कुणालाच दिसत नाही.

उलथने तापवून दिलेल्या चटक्यांची एनसी करणे तर सरळ चूक आहे. तापलेल्या वस्तूने मुद्दाम केलेली दुखापत साधी असली तरी कलम ११८(१) खाली दखलपात्र आहे.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ चा (मुलाशी क्रूरता) आधार होता. पण २०२१ च्या दुरुस्तीने या अधिनियमातले ३ ते ७ वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले. सांभाळ करणाऱ्याने केलेली क्रूरता (३ वर्षांपर्यंत) आणि संस्थेतल्या कर्मचाऱ्याने केलेली (५ वर्षांपर्यंत), दोन्ही त्यात गेल्या. मूल अपंग झाले, त्याला मानसिक आजार जडला किंवा जिवाला धोका झाला, तरच १० वर्षांपर्यंतची दखलपात्र तरतूद लागते. तेही पुन्हा तपासणीवरच ठरणार.

म्हणून आरोग्य विभागासोबत परिपत्रक काढावे. १८ वर्षांखालील जखमींच्या दाखल्यावर पहिल्या दिवशी ‘मत राखून’ (साधी की गंभीर हे नंतर ठरेल) असे लिहावे आणि १५ दिवसांनंतरच्या फेरतपासणीची तारीख तिथेच टाकावी. मुलाला त्या दिवशी आणण्याची जबाबदारी पोलीस ठाण्याची असावी, घरच्यांची नव्हे. कारण मारणारा अनेकदा घरातच असतो. एनसी झालीच तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७४(२) खाली तपासाचा आदेश त्याच दिवशी मागावा. कलम ७५ पुन्हा दखलपात्र व्हावे, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

आपले,
बालहक्क आणि न्यायवैद्यक क्षेत्रातील कार्यकर्ते