तेल किती घालायचे, ते आधी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मत्स्यशेतीवरचा लेख वाचला. प्रतिजैविके सोडा, लवंग-ओवा-दालचिनीच्या तेलांकडे वळा, हे कोणीतरी सांगायलाच हवे होते. त्याबद्दल लेखकांचे आभार. पण ही तेले झाडापासून निघतात म्हणून त्यांचा माशांना काही अपाय नाही, असे जे बिनदिक्कत लिहिले आहे, ते वाचून कालचा दिवस माझे कशात लक्ष लागले नाही. याच समजुतीपायी माझी सव्वाशे पिल्ले गेली.

गेल्या श्रावणात खाडीत पाग टाकणाऱ्यांकडून जिताडा माशाची 200 पिल्ले घेतली. तळ्यात सोडण्याआधी मी ती काही दिवस 500 लिटरच्या टाकीत ठेवतो. तिसऱ्या दिवशी काहींच्या शेपट्या कुजायला लागल्या म्हणून तालुक्याच्या दुकानात गेलो. पूर्वी याच दुकानातून मी ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची पूड आणायचो. किती दिवस द्यायची, बंद केल्यावर मासा कधी विकायचा, हे मी कधी विचारले नाही आणि दुकानदारांनी कधी सांगितले नाही. ती चूक माझीही आहे. या वेळी ते म्हणाले, “ती पूड आता नको, हे लवंगेचे तेल न्या. आयुर्वेदिक आहे. अर्धी बाटली टाकीत ओता.” बाटली 50 मिलिलिटरची. तिच्यावर ना प्रमाण, ना तारीख.

तेल पाण्यावर तवंगासारखे राहिले, म्हणून काठीने चांगले ढवळले आणि जेवायला गेलो. हात धुऊन आलो तर सगळी पिल्ले आडवी. मी आणि घरचे बादल्यांनी पाणी बदलत राहिलो. 75 शुद्धीवर आली, बाकीची नाही.

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीने नंतर समजावले. लवंगेच्या तेलातले युजेनॉल माशाला भूल देते. मासे तोलायचे, तपासायचे असले की ते मुद्दाम वापरतात. लिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या आसपास गेले की मासा तोल सोडतो आणि त्याला लगेच ताज्या पाण्यात काढावे लागते. 500 लिटरमध्ये 25 मिलिलिटर म्हणजे नेमके तेवढेच! आणि माझी पिल्ले त्यात पाऊण तास होती.

रोगावर उपाय म्हणून तेल असे टाकीत ओतायचे नसतेच, मोजून खाद्यात घालायचे असते. ओव्यातले थायमॉल, दालचिनीच्या सालीतले सिनामाल्डिहाइड, ही द्रव्ये जंतूचे आवरण फोडतात, म्हणून तर त्यांचा उपयोग. जे जंतूचे आवरण फोडते ते जास्त झाले तर माशाला कसे सोसेल? शिवाय ही तेले उडून जातात. खाद्याला चोळून उन्हात वाळवले की तेल गेले. म्हणून ती बारीक कणांत कोंडून खाद्यात मिसळतात. यातले एक अक्षर लेखात नाही. आणि काचेच्या टाकीत जे साधते ते आमच्या गाळाच्या तळ्यात तसेच साधेल, असे धरून कोणी चालू नये.

लेखात कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही प्रतिजैविकांऐवजी तेल वापरायच्या रोगांच्या यादीत घातला आहे. तो विषाणूचा रोग आहे. त्यावर प्रतिजैविक कधीच चालत नव्हते, मग त्याला पर्याय कसला शोधायचा? ज्यांनी त्या रोगापायी हंगाम घालवला त्यांच्या हाती आता तेलाची बाटली देऊ नका.

मी तेलाच्या विरोधात नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर कोळंबीशेतीत बंदी आहे ती योग्यच आहे, आणि खाण्याच्या माशात औषध उरू नये असे मलाही वाटते. माझी नातवंडे हाच जिताडा खातात. दालचिनीच्या पानांतही मुख्यतः युजेनॉलच असते. सावंतवाडीकडे आमच्या मेव्हण्यांच्या बागेत साल काढली की पाने बांधावर कुजतात. त्या पानांचे तेल काढून, तपासून, प्रमाण लिहून कोणी आमच्या खारेपाटात पाठवले तर मी पहिला घेईन. पण बाटलीवर काय लिहिलेले असावे आणि आधी कोणत्या जंतूची तपासणी करावी, हे सांगणारा दुसरा लेख आपण छापावा, ही विनंती. तोही पावसाळ्याआधी, कारण पिल्ले तेव्हाच येतात.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोखाली ‘जिताडा’ असे छापले आहे. तो रोहू आहे. जिताड्याची शेपटी गोलसर असते, रोहूची दुभंगलेली. रायगडच्या आवृत्तीत तरी ही चूक व्हायला नको होती.

आपला,
एक तळेधारक वाचक
खारेपाट, ता. पेण, जि. रायगड